शनिवारच्या अधिसूचना

व्यापारधोरणाने गरिबी कमी करता येते का, या प्रश्नावर मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुधा जिनिव्हा असते, जागतिक व्यापार संघटना असते आणि श्रीमंत देशांच्या अनुदानांवरचा रास्त रागही असतो. परंतु आपल्याच सरकारने एखाद्या संध्याकाळी काढलेल्या अधिसूचनेमुळे निफाडच्या दोन एकरवाल्याचे आणि मोझांबिकमधल्या तूर पिकवणाऱ्याचे काय होते, याचा विचार एकत्र केलेला मला क्वचितच आढळतो. मी तुर्भ्यात आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे दाखल करायचा कागद), फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीडमुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) एवढ्याच खिडकीतून मला जगाचा व्यापार दिसतो, त्यामुळे माझे मत एकांगी असण्याची शक्यता आहे. तरीही ते ठाम आहे. गरीब उत्पादकाच्या दृष्टीने आजचे शुल्क किती टक्के आहे यापेक्षा उद्याचा नियम काय असेल हे आधी कळणे आणि आपला माल चांगला आहे हे सिद्ध करण्याचा खर्च झेपणे, या दोन गोष्टी अधिक निर्णायक असतात.

कांद्याचेच पाहू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरले, म्हणजे त्याखालच्या दराने माल बाहेर पाठवता येत नव्हता. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, मग ती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलेच. १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले आणि उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ रोजी गेले. वीस महिन्यांच्या आत एकाच पिकाचे नियम सहा वेळा बदलले. यांतल्या १९ ऑगस्ट, २८ ऑक्टोबर आणि ४ मे या तिन्ही तारखांना शनिवार होता, आणि त्याआधीची २९ सप्टेंबर २०१९ ची बंदी तर रविवारी आली होती. आमच्या धंद्यात शनिवारी दुपारनंतर कोणी फोन बंद ठेवत नाही, त्याचे कारण हे आहे.

निर्यातशुल्क निर्यातदार भरतो असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ते कोणाच्या खिशातून जाते हे पाहायला हवे. दुबईच्या घाऊक व्यापाऱ्याला पाकिस्तानचा, इजिप्तचा, तुर्कस्तानचा कांदा मिळतो, त्यामुळे तो भारतीय मालाला चाळीस टक्के जास्त मोजत नाही. मधला निर्यातदार आपला वाटा शक्य तितका राखतो. उरतो तो लिलावात ट्रॅक्टर उभा करून बसलेला शेतकरी, आणि तेथे त्या दिवशीची बोली तेवढी खाली येते. त्यातही डिसेंबरची बंदी अधिक जाचक होती, कारण डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, भाव पडला तर थांबता येते. लाल कांद्यात पाण्याचा अंश जास्त असल्याने तो काही आठवड्यांतच विकावा लागतो. म्हणजे ज्याला थांबणे शक्य नव्हते त्याच्याच हंगामात दार बंद झाले. लासलगावचे भाव कोसळले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले, आणि दूरचित्रवाणीवर मात्र चर्चा ग्राहकाला मिळालेल्या दिलाशाची झाली.

डिसेंबरच्या त्या अधिसूचनेत संक्रमणकाळासाठी तरतूद होती. ज्या मालाचे जहाजावर लोडिंग सुरू झाले आहे, ज्याचे शिपिंग बिल दाखल असून जहाज बंदरात आले आहे, किंवा जो माल अधिसूचनेपूर्वी कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदवला गेला आहे, तो जाऊ शकत होता. वाचताना ही सवलत उदार वाटते. बंदी आली त्या शुक्रवारी न्हावा-शेवा बंदराजवळच्या द्रोणागिरीत एका कंटेनर फ्रेट स्टेशनवर, म्हणजे बंदरात जाण्याआधी कंटेनर जिथे कस्टम्सच्या ताब्यात देतात तेथे, आमच्या एका छोट्या व्यापाऱ्याचे दोन कंटेनर होते. एकाची नोंद रात्री झाली होती, दुसरा ट्रेलर फाटकाबाहेरच्या रांगेत होता. माल एकाच शेडमधला, प्रतवारी एकच, घेणारा एकच. त्यांनी सकाळी फोन करून एवढेच विचारले, “ताई, दुसऱ्याचं गेट-इन दिसतंय का?” फाटकातून आत आल्याची ती नोंद दिसत नव्हती. तो कांदा परत फिरला आणि वाशीच्या बाजारात, त्या दिवशी तसेच परत आलेल्या इतर मालासोबत, मिळेल त्या भावाने विकावा लागला. ट्रेलरचे जाण्या-येण्याचे भाडे, गोण्या, भराईची हमाली हे सगळे वरचे. मोठ्या निर्यातदाराला असा फटका वर्षाच्या हिशेबात जिरवता येतो. लहान व्यापारी पुढच्या हंगामात निर्यातीसाठी माल उचलतच नाही, आणि मग शेतकऱ्याच्या लिलावात बोली लावणारा एक गडी कमी होतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. बाजारात गोण्या वाहणारा माथाडी, नेरूळ-घणसोलीत चार घरी धुणीभांडी करणारी बाई, गावाकडचा भूमिहीन मजूर हे सगळे कांदा पिकवत नाहीत, विकत घेतात. अन्नधान्य महाग झाले की अन्न पिकवणाऱ्या गरिबाचा फायदा आणि विकत घेणाऱ्या गरिबाचा तोटा होतो, हे अर्थशास्त्रातले जुने दुखणे आहे. परंतु याचे उत्तर मजुराचा दिलासा शेतकऱ्याच्या लिलावातून वसूल करणे हे असू शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लावल्यानंतर नाशिकच्या बाजार समित्या बंद पडल्या, तेव्हा सरकारने क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन कांदा खरेदी करण्याचे जाहीर केले. खरेदी केंद्रांवर काय गोंधळ झाला तो वेगळा विषय. तत्त्व मात्र योग्य होते. साठा करून तो टंचाईच्या वेळी स्वस्तात विकायचा असेल तर त्याचा बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्या सगळ्यांवर पडतो. निर्यातबंदीचा बोजा फक्त पिकवणाऱ्यावर पडतो. ती सरकारला फुकट पडते, आणि म्हणूनच ती इतक्या सहज वापरली जाते असे मला वाटते.

व्हिएतनामने याच प्रश्नात वेगळा रस्ता धरला होता. १९९० च्या दशकात त्या देशाने तांदळाच्या निर्यातीवरचा कोटा टप्प्याटप्प्याने सैल केला आणि देशांतर्गत तांदळाचा भाव चढला. गरीब देशात अन्न महागल्यावर हाल होतील ही भीती तेथेही होती. नंतरच्या अभ्यासांत आढळले ते असे की, ज्या ग्रामीण भागांत तांदळाचा भाव अधिक वाढला तेथे बालमजुरी अधिक घटली, कारण बहुसंख्य कुटुंबे तांदूळ पिकवणारी होती आणि वाढलेल्या उत्पन्नामुळे मुलांना कामावर पाठवण्याची निकड कमी झाली. जमीन तेथे बऱ्यापैकी समान वाटलेली होती, हे विसरून चालणार नाही. जमीन मूठभरांच्या हाती असलेल्या प्रदेशात हेच चित्र दिसेल असे मी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू, जिथे आपण घेणारे आहोत. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती, ते बहुतेकांना आठवत असेल. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांपर्यंत तूर आणि इतर कडधान्ये तेथून घ्यायची. मोझांबिक हा अल्पविकसित देशांच्या यादीतला देश आहे, आणि अशा देशांना भारताने २००८ पासून दिलेल्या शुल्कमुक्त सवलतीमुळे त्याच्या तुरीवर शुल्कच नव्हते. तिथला शेतकरी स्वतः तूर फारशी खात नाही. ती पिकते ती भारतासाठी. त्याने पेरा वाढवला. इकडे त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, लातूर-अकोल्यापासून कलबुर्गीपर्यंत तुरीचे विक्रमी पीक आले, हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात भाव त्याच्या बराच खाली गेला, आणि खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता, पण कराराबाहेर खासगी व्यापाराच्या भरवशावर पेरलेल्या तुरीला आणि करारच नसलेल्या मलावीसारख्या देशाला त्याचा काय उपयोग? आफ्रिकेच्या त्या भागात तुरीचे भाव धुळीस मिळाले.

शुल्क शून्य होते आणि शून्यच राहिले. तरी गरीब देशाच्या गरीब शेतकऱ्याला त्या शून्याचा काडीचा आधार मिळाला नाही, कारण परिमाणाचा नियम एका दिवसात आला. आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याला संरक्षण देणे चुकीचे होते असेही मी म्हणत नाही. तोही गरीबच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. टंचाईच्या वर्षी दारे सताड उघडायची, सुकाळाच्या वर्षी कडी लावायची, असे केल्याने दोन्हीकडच्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी चुकीचा इशारा मिळतो. २०२१ मध्ये आयात पुन्हा मुक्त झाली, मलावीबरोबर वर्षाला ५० हजार टनांचा पाच वर्षांसाठी करार झाला आणि न्हावा-शेव्याला आफ्रिकन तुरीचे कंटेनर पुन्हा येऊ लागले. पाच वर्षांची हमी ही मला शून्य शुल्कापेक्षा मोठी सवलत वाटते.

आधी सांगून केलेला बदल पचवता येतो, याचे उदाहरण बांगलादेश आहे. श्रीमंत देश कापडाच्या आयातीवर देशवार कोटा लावत, ती बहुधागा करारातून आलेली व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपली. कोटा गेल्यावर चीनसमोर बांगलादेशचा कपडे उद्योग टिकणार नाही अशी भाकिते होती. परंतु ती तारीख दहा वर्षे आधी ठरलेली होती. दरम्यान बांगलादेशाने बंधपत्रित गोदामांत शुल्काविना कापड आणण्याची सोय आणि निर्यातीच्या पतपत्राच्या (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीच्या) तारणावर कच्च्या मालाचे पतपत्र उघडण्याची पद्धत पक्की केली होती, आणि युरोपने २००१ पासून अल्पविकसित देशांना शस्त्रे सोडून सर्व मालासाठी शुल्कमुक्त प्रवेश दिला होता. उद्योग वाढला, आणि खेड्यांतून आलेल्या लाखो स्त्रियांना पहिल्यांदा रोख पगार मिळाला. २४ एप्रिल २०१३ रोजी कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, ते याच वाढीच्या पोटातून. कारखान्याची इमारत तपासणे हे व्यापारकराराचे काम नाही असे तोवर मानले जात होते.

श्रीमंत देशांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये अमेरिकी कापूस अनुदानांविरुद्ध आवाज उठवला; अमेरिकेने २०१४ मध्ये तडजोड करून ३० कोटी डॉलर दिले, ते मात्र खटला लढवण्याची ऐपत असलेल्या ब्राझीलला. विदर्भातल्या कापूस उत्पादकाने या प्रकरणातून काय शिकावे, ते सांगण्याची गरज नाही. युरोपात कच्च्या कॉफीवर शुल्क नाही आणि भाजलेल्या कॉफीवर ते साडेसात टक्के आहे, हेही तसेच. अल्पविकसित देशांना त्यातून सूट आहे, पण आपल्यासारख्या मधल्या देशांना बी विका, भाजणे आमच्यावर सोडा, असा तो निरोप असतो.

शुल्कापेक्षा मोठी भिंत प्रयोगशाळेची आहे, आणि ती मी रोज पाहते. २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे, ज्याला आपले बागायतदार ‘सीसीसी’ म्हणतात. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी ते सर्रास वापरले जात होते, आणि आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत त्याचे नावच नव्हते. म्हणजे शेतकऱ्याने नियम मोडला नव्हता. नियम त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्यानंतर ते यादीत आले. ग्रेपनेट ही २००६ पासूनची नोंदणी व्यवस्था, ज्यात प्रत्येक बागेला क्रमांक असतो आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत मागे जाता येते, ती या धक्क्यातून अधिक कडक झाली. मी सरकारी व्यवस्थांचे कौतुक सहसा करत नाही, पण ही व्यवस्था गरिबीविरोधी व्यापारधोरणाचा उत्तम नमुना आहे, कारण दोन एकरवाल्याला एकट्याला जे सिद्ध करता आले नसते ते ती त्याच्या वतीने सिद्ध करते.

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यासह अळू, कारली, पडवळ आणि वांगी यांच्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हापूसच्या हंगामात आलेली ही बंदी आंब्यापुरती पुढच्या वर्षी उठली, कारण उष्ण पाण्याच्या प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था उभी राहिली. वाशीत फळांतली कीड मारण्यासाठी कृषी पणन मंडळाचे विकिरण केंद्र आहे, बाष्प-उष्णता प्रक्रिया आहे. देवगडच्या बागायतदाराला स्वतःला हे काही उभे करता आले नसते. पण अमेरिकेला आंबा पाठवायचा तर विकिरणाच्या वेळी तिथला निरीक्षक येथे हजर असावा लागतो. करोनाच्या काळात निरीक्षक प्रवास करू शकले नाहीत आणि २०२० व २०२१ हे दोन हंगाम अमेरिकेचे दार बंद राहिले. माल निर्दोष, यंत्र तयार, शुल्काचा प्रश्न नाही, आणि तरी व्यापार शून्य.

या सगळ्या व्यापाराचे फाटक ज्या जमिनीवर उभे आहे, तिच्या मालकांचे काय झाले हे नवी मुंबईत राहून टाळता येत नाही. व्यापार वाढला की एकूण उत्पन्न वाढते हे खरे. पण ज्याचे नुकसान होते त्याची भरपाई आपोआप होत नाही. १९९१ नंतर आपले आयातशुल्क झपाट्याने उतरले, तेव्हा ज्या जिल्ह्यांतले रोजगार संरक्षण गमावलेल्या उद्योगांत अधिक होते तेथे ग्रामीण गरिबी घटण्याचा वेग इतरांपेक्षा मंद राहिला, हे पेटिया टोपालोवा या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. लोक तेथून उठून दुसरीकडे गेले नाहीत. जाणे सोपे नसते. न्हावा-शेवा बंदर ज्या उरण तालुक्यात आहे तेथे याच प्रश्नाचे रूप जमिनीचे होते. सिडकोच्या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले त्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याच बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची वाटपपत्रे देण्याचा कार्यक्रम १६ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणजे कंटेनर हलायला लागल्यानंतर पंचवीस वर्षांनी. आज त्या बंदरातून वर्षाला सत्तर लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाचे एकक) ये-जा करतात.

मग करायचे काय? संपूर्ण मुक्त व्यापाराचा आग्रह मी धरणार नाही. कांदा-तुरीसारख्या पिकांत सरकारचा हात पूर्णपणे मागे जाणे राजकीयदृष्ट्या शक्य नाही आणि कदाचित इष्टही नाही. पण हस्तक्षेपाची पायरी आधी जाहीर असू शकते. देशातला घाऊक भाव अमुक पातळीवर गेला तर इतके शुल्क लागेल, खाली आला तर ते आपोआप उतरेल, असा तक्ता पेरणीपूर्वी प्रसिद्ध केला, तर निफाडमध्येही त्याचा हिशेब करता येईल आणि आपला कांदा घेणाऱ्या ढाक्यातही. बंदी हा शेवटचा उपाय ठेवला आणि तिच्या अंमलापूर्वी काही दिवसांची मुदत दिली, तर फाटकाबाहेरच्या रांगेतला कंटेनर परत फिरणार नाही. मुदत दिली की साठेबाज सगळा माल बाहेर काढतील, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद आहे. पंधरवड्यात बंदर किती कंटेनर हलवू शकते याला मर्यादा असते, हे ज्यांनी एकदा तरी जेएनपीएच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, रस्त्यावरची कोंडी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे.

नियमांत यासाठी आधार आहेच. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ नुसार, निर्बंध येण्यापूर्वी अपरिवर्तनीय पतपत्र उघडलेले असेल तर सामान्यतः तो माल जाऊ द्यायचा असतो, अधिसूचनेत वेगळे लिहिलेले नसेल तर. १३ मे २०२२ च्या गहू निर्यातबंदीत अशी पतपत्रे मानली गेली. २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली तेव्हा ही तरतूद लागू होणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले. ‘वेगळे लिहिलेले नसेल तर’ हे शब्द काढून टाकले तरी बरेच काम होईल. मात्र पतपत्र हा मोठ्यांचा मार्ग आहे. कांद्याचा छोटा निर्यातदार दुबईला किंवा कोलंबोला माल पाठवतो तो आगाऊ रकमेवर किंवा नुसत्या विश्वासावर, त्याच्याकडे बँकेचा कागद नसतो. त्याच्यासाठी अपेडाकडे (कृषिमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे) विक्रीकरार नोंदवण्याची साधी ऑनलाइन सोय असावी, आणि निर्बंधाच्या तारखेपूर्वी नोंदवलेल्या कराराला पतपत्राइतकाच मान मिळावा. बनावट करारांची भीती असेल तर नोंदणीसोबत आगाऊ रकमेची बँकनोंद मागता येईल, आणि ती छोट्या व्यापाऱ्याकडेही असते.